डागाखाली कोण?

१

रविवारी सकाळी साडेनऊला हैदराबादमधल्या नल्लकुंट्याच्या गोदातीर मराठी वाचनालयात चौकट होती, काच होती, काचेमागचा करडा पुठ्ठाही होता. फोटो तेवढा नव्हता.

गीता दारातच थबकली. सुवर्णमहोत्सव समितीची सगळी मंडळी आधीच येऊन भिंतीसमोर उभी होती. ग्रंथपाल योगिनीताईंनी चौकट उतरवून टेबलावर पालथी ठेवली. मागची तपकिरी चिकटपट्टी तीन बाजूंनी ब्लेडनं कापलेली होती. सरळ, सावकाश कापलेली. घाईत फाडलेली नव्हती.

"फोटो कुणी नेला हे विचारायची गरज आहे काय?" अध्यक्ष हिम्मतराव म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं.

"आहे," गीता म्हणाली. "मी विचारते आहे. कुणी नेला?"

"वा! उलट्या बोंबा." हिम्मतरावांनी काठी टेकली. "पन्नास वर्षं हा फोटो या भिंतीवर आहे. वाचनालयाच्या उद्घाटनाचा. मध्यभागी माझे वडील, एकनाथराव. डाव्या टोकाला ओलीचा डाग. त्या डागाखाली कुणी माणूस आहे असं पन्नास वर्षांत कुणी म्हटलं नाही. तुला दुरुस्तीला दिला, आणि चार दिवसांत डागाखालून बाई निघाली. कोण बाई? तर तुझीच आजी! आज तू सगळ्यांसमोर खरं-खोटं दाखवणार होतीस, आणि आजच मूळ फोटो गायब. आता उरलं काय? तुझ्या कॉम्प्युटरमधला स्कॅन. फायदा कुणाचा झाला, बोल."

"मामा, जरा सबूर," शिवराज मध्ये पडला. तो हिम्मतरावांचा भाचा, समितीचा चिटणीस, आयटीत नोकरीला. दुरुस्तीचं काम गीताला मिळवून दिलं होतं ते त्यानंच. "गीतानं मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. सॉफ्टवेअरमध्ये होतं कधी कधी. चुकून दुसऱ्या फोटोचा लेयर, म्हणजे थर, राहून जातो. ती सॉरी म्हणेल, विषय संपेल."

"कशाबद्दल सॉरी?" गीतानं विचारलं.

शिवराज हसला. "अगं, मी तुझ्याच बाजूनं बोलतोय."

"नक्को बोलू."

हिम्मतरावांनी घड्याळ पाहिलं. "चार वाजता समितीची बैठक आहे. तोवर लेखी माफी आण. नाहीतर बाकीच्या एकशेवीस फोटोंचं काम रद्द, आणि का रद्द केलं ते हैदराबादच्या प्रत्येक मराठी मंडळाला आणि प्रत्येक स्टुडिओला मी स्वतः कळवणार. खोटे फोटो करणारी मुलगी म्हणून."

"चारला येते," गीता म्हणाली. "माफी आणणार नाही. चोर आणते."

२

मनकर्णाआजी आता बहात्तर वर्षांची. गीताला कळायला लागल्यापासून आजी एकच गोष्ट सांगत आली होती, आणि घरातलेही ती अर्ध्या कानानं ऐकत. पंचाहत्तर साली आजी एका छापखान्यात बाइंडिंगला होती. वाचनालयाची पहिली तीनशे पुस्तकं बेगम बाजारातल्या मसाल्याच्या दुकानांतून रद्दीच्या भावानं आली होती, पुड्या बांधायला ठेवलेली. ती तिनं एकटीनं शिवली, एक पैसा न घेता. "पानापानाला मिर्चीचा वास. एक टाका घातला की दोन शिंका," असं म्हणून आजी हसायची आणि शेवटी म्हणायची, "उद्घाटनाच्या फोटूत मी हाय. डाव्या टोकाला. त्या डागाच्या खाली."

डाग पडला तो पहिल्याच पावसाळ्यात छप्पर गळलं तेव्हा. त्याआधी फोटोची दुसरी प्रत कुणी काढली नव्हती. आजीला मागायची छाती झाली नव्हती, आणि ज्यांना छाती होती त्यांना गरज वाटली नव्हती.

मंगळवारी योगिनीताईंनी फोटो आणून दिला, तेव्हा गीतानं तो चौकटीतून काढला, रंगीत स्कॅन केला आणि आधी नुसता पाहिला. तिच्याकडं प्लग-इन होती, चांगली तीन. प्लग-इन म्हणजे नेहमीच्या फोटोशॉपला वरून जोडायचं तयार अवजार. त्यातलं एक धूळ आणि ओरखडे झटक्यात पुसतं, आणि गीता ते रोज वापरी. पण डागावर तिनं ते चालवलं नाही. प्लग-इनच्या लेखी डाग म्हणजे बिघाड. बिघाड पुसायचा आणि शेजारी जे दिसतं त्यावरून तिथं काय असावं याचा अंदाज करून रंगवायचं, एवढंच त्याला ठाऊक. अंदाज देखणा असतो, पण असतो अंदाजच.

तिनं साधी जुनी वाट धरली. कुठलाही रंगीत स्कॅन म्हणजे लाल, हिरवी आणि निळी अशा तीन पातळ्या. तपकिरी डाग निळ्या पातळीत काळाकुट्ट दिसतो, लाल पातळीत जवळजवळ विरून जातो. गीतानं फक्त लाल पातळी ठेवली. डाग उतरला. त्याखाली नऊवारीतली बावीस वर्षांची एक मुलगी उभी होती, छातीशी पुस्तकांची चळत, हनुवटी त्या चळतीवर टेकवलेली.

ती आजी होती.

गुरुवारी फोटो परत चौकटीत बसवायला योगिनीताई स्वतः गीता काम करते त्या स्टुडिओत आल्या. फोटोभोवती जाड कागदाची पट्टी होती. चौकटवाले तिला माउंट म्हणतात. त्या पट्टीखाली उजव्या कडेचा दोन बोटं भाग इतकी वर्षं झाकलेला होता, आणि म्हणून स्वच्छ राहिला होता. तो पाहून योगिनीताई खो-खो हसल्या होत्या. मग त्यांनी फोटो पट्टीखाली बसवला, मागून चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर वाचनालयाचा शिक्का मारला.

समितीच्या ग्रुपवर गीतानं शुक्रवारी फक्त डावा भाग पाठवला होता, आजी दिसते तेवढा. शनिवारी दुपारी लिहिलं होतं: "उद्या मूळ फोटोवरच दाखवते. कॉम्प्युटरशिवाय."

हे वाचलं सगळ्यांनी. त्यातल्या एकाला त्याची भीती वाटली.

३

"शनिवारी साडेसातला मी कुलूप लावलं," योगिनीताई म्हणाल्या. मंडळी पांगली होती. दोघी वाचनालयाच्या पायरीवर बसल्या होत्या, समोर इडलीच्या गाडीवर तेलुगूत भांडण रंगलं होतं. "लावायच्या आधी चौकट हलवून पाहिली. तुझा मेसेज वाचला होता ना, म्हणून. शिक्का शाबूत होता."

"किल्ल्या किती?"

"तीन. माझी, अध्यक्षांची, शिवराजची." त्या थांबल्या. "विचार की. लाजू नकोस."

"तुम्ही काढला?"

"सरे, बरं झालं विचारलंस." योगिनीताई हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "मला काढायचाच असता तर मंगळवारी तुला दिलाच नसता. गुरुवारी मीच शिक्का मारला, शनिवारी मीच फोडू? मला या नोकरीचे महिन्याला सहा हजार मिळतात गीता. एवढ्यासाठी एवढी उठाठेव कोण करेल?"

"मग शिवराज नाहीतर हिम्मतरावकाका."

"शिवराज कशाला करेल? त्यानं दुरुस्त केलेला फोटो तर स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर छापूनसुद्धा झाला."

ते खरं होतं. स्मरणिकेचं मुखपृष्ठ कुकटपल्लीच्या एका छापखान्यात तयार पडलं होतं. जूनमध्ये शिवराजनं भिंतीवरच्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला होता, काचेवरूनच. काचेत ट्यूबलाइटची चमक नेमकी डागावर आली होती. त्यावर त्यानं नवं प्लग-इन चालवलं आणि दहा सेकंदांत डाग गेला, चमक गेली, तिथं छान गिलाव्याची भिंत आली. समितीनं टाळ्या वाजवल्या. मग शिवराजनं वाचनालयाचे जुने एकशेवीस फोटो मोबाइलवर काढून दोन दिवसांत तसेच "दुरुस्त" करून दाखवले होते. ते छापण्याआधी एकदा जाणकार नजर फिरावी म्हणून योगिनीताईंनी हट्ट धरला, आणि शिवराजनंच मोठ्या मनानं गीताचं नाव सुचवलं.

"त्यानं चौकट कधी उघडली होती?"

"कधीच नाही. आज सकाळीसुद्धा सांगत होता, 'मी तर चौकटीला हातसुद्धा लावलेला नाही.' तू यायच्या आधी."

"कुणी विचारलं होतं त्याला?"

योगिनीताईंनी आठवून पाहिलं. "कुणीच नाही."

४

हिम्मतरावांचं घर बरकतपुऱ्यात. दार त्यांनीच उघडलं. आत बोलावलं, पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही. गीता न सांगताच बसली.

"चार वाजायला अवकाश आहे," ते म्हणाले.

"काका, तुम्ही तेव्हा दहा वर्षांचे होता. उद्घाटनाला होता?"

"होतो."

"पुस्तकं कुणी शिवली?"

ते खिडकीकडं वळले. "वडिलांनी बाइंडिंग करून घेतलं होतं. कुणाकडून ते मला काय ठाऊक? त्या काळी कामाची माणसं यायची, जायची."

"कामाची माणसं फोटोत उभी राहायची?"

"म्हणून तर म्हणतो, तिथं कुणी नव्हतं!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "हे बघ मुली. तुम्हा लोकांना आमच्या घराबद्दल काय वाटतं ते मला माहीत आहे. वाटू दे. माझ्या वडिलांनी आपल्या शेताचा तुकडा विकून ती जागा घेतली. त्यांच्या शेजारी कोण उभं होतं म्हणून ते लहान होत नाहीत."

"तेच मी म्हणते. मग आजी उभी होती म्हणायला काय जातं?"

"खोटं असेल तर सगळं जातं." त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. दोऱ्याला लाकडाचा ठोकळा बांधलेली, जुनी, लांब किल्ली. "ही माझ्याकडंच होती. काल संध्याकाळी मी सिकंदराबादला व्याह्यांकडं होतो. पहाटे परतलो. व्याह्यांना फोन लाव, आत्ता. मला फोटो लपवायचा असता तर तो मंगळवारी तुझ्या हातातच पडू दिला नसता."

गीतानं फोन लावला. व्याही म्हणाले, हौ, इथंच होते, नुसते जेवून गेले नाहीत, राहूनच गेले.

ती निघाली तेव्हा हिम्मतराव दारापर्यंत आले. "शिवराज चारला नवा पुरावा आणतोय. अधिक स्पष्ट फोटो. सकाळीच फोन आला होता त्याचा. तयारीनं ये."

अधिक स्पष्ट? जूनच्या त्या चमकत्या फोटोतून तीन महिन्यांनी अधिक स्पष्ट कुठून येणार?

५

"लिहून टाक माफी," तातेराव म्हणाले. अजिंठा फोटो स्टुडिओचे ते मालक. गीताच्या वडिलांचे दोस्त, तिचे गुरू आणि तिच्या प्रत्येक अवजाराचे वैरी. "मैं बोला था ना. ती प्लग-इन-फिन आणलीस तेव्हाच बोललो होतो. आमच्या काळी ब्रश होता, शाई होती, आन डोळे होते. आता मशीनला विचारायचं, बाई दिसते का गे तुला?"

"काका, मशीननं नाही काढली आजीला. मी काढली."

"मग लोक काइकू ऐकतील? त्यांच्यासाठी सगळं एकच. बटण दाबलं, बाई आली. बटण दाबलं, बाई गेली."

"म्हणूनच ऐकवायचं."

"बेटा, मला बी दुकान चालवायचं हाय. लग्नाचे अल्बम त्याच मंडळांतून येतात." तातेराव चष्मा पुसत राहिले. "एक ओळ लिही. 'नजरचुकीनं झालं.' आजीला कळणारसुद्धा नाही."

"आजीला कळलंय," मागून आवाज आला.

मनकर्णाआजी आतल्या खुर्चीत बसली होती. कधी आली, कुणाला पत्ता नव्हता. डोक्यावर पदर, पायात पांढऱ्या चपला, मांडीवर स्टीलचा डबा.

"जयभीम, माय," तातेराव उठून उभे राहिले.

"जयभीम. बसा." आजीनं डबा गीताकडं सरकवला. "खा आधी. आन नजरचूक कुणाची? मी उभी व्हते ती माझी चूक, का हिनं पाह्यलं ती हिची?"

आजीनं पदर सारखा केला.

"पन्नास साल मला म्हणायले, मनकर्णे, कशाला खोटं बोलतीस. मी गप बसले. माझ्यापाशी काय व्हतं? आता हिच्यापाशी हाय. हिनं माफी लिहिली तर मी पुन्हा खोटी पडते. तसं करायचं तर माझ्यादेखत लिव्हा."

तातेरावांनी कोरा कागद उचलला, चार घड्या केल्या आणि टोपलीत टाकला. "स्कूटर काढतो," ते म्हणाले. "चारला सगळेच जाऊ."

६

वाचनालयाच्या माडीवर बैठकीला अकरा जण होते. योगिनीताई खाली चहा सांगायला गेल्या होत्या. शिवराजनं लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला, पडदे ओढले आणि अगदी समजुतीच्या सुरात बोलू लागला.

"मला कुणाला खोटं पाडायचं नाही. मीच गीताला आणलं. पण टेक्नॉलॉजी न्यूट्रल असते. काल प्लग-इनचं नवं व्हर्जन आलं. माझ्या त्याच जूनच्या मोबाइल फोटोवर मी ते आज सकाळी परत चालवलं. मी काही सांगितलं नाही त्याला. 'बाई काढ' म्हटलं नाही, 'बाई ठेव' म्हटलं नाही. फक्त 'दुरुस्त कर'. बघा."

पडद्यावर फोटो आला. सुरेख होता, नाकारायचं कारण नव्हतं. एकनाथरावांच्या मिशीचा केसन् केस वेगळा दिसत होता. डाव्या टोकाला स्वच्छ, रिकामी भिंत.

लोक आजीकडं वळून पाहू लागले. आजी समोर पाहत होती.

"आता बोल," हिम्मतराव गीताला म्हणाले.

गीतानं डाव्या टोकाकडं पाहिलंच नव्हतं. तिची नजर पडद्याच्या उजव्या कडेला खिळली होती. ती उठली, दोन पावलं टाकली आणि प्रोजेक्टरच्या भिंगावर वही आडवी धरली. पडदा काळा झाला.

"अगं, काय करतेस!" हिम्मतराव म्हणाले.

"एक मिनिट, काका. मी अजून या फोटोबद्दल एक शब्द बोलले नाही, हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा. आणि योगिनीताईंनी हा पडद्यावरचा फोटो पाहिलेला नाही. त्या खाली होत्या. बरोबर?"

जिन्यावर कपांचा आवाज आला. योगिनीताई चहाचा ट्रे घेऊन वर आल्या आणि काळ्या पडद्यापुढं सगळे आपल्याकडंच बघताहेत हे पाहून गोंधळल्या.

"ताई," गीता म्हणाली, "गुरुवारी आपण फोटो चौकटीत बसवला. माउंटच्या पट्टीखाली उजव्या कडेला काय झाकलं गेलं? बोलू नका. लिहा, आणि कागद काकांच्या हातात द्या."

योगिनीताईंनी ट्रे ठेवला, लिहिलं आणि मघाच्या गोंधळातही त्यांना हसू आलं.

हिम्मतरावांनी कागद वाचला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे काय? 'सायकल. सीटवर कोंबडी बसली आहे.'"

गीतानं वही काढून घेतली.

पडद्यावर, उजव्या कडेला, भिंतीला टेकलेली सायकल होती. सीटवर मान वाकडी करून एक कोंबडी बसली होती, जणू तिलाच उद्घाटनाला बोलावलं होतं.

७

शिवराज सगळ्यात आधी सावरला. "त्यात काय? नवी प्लग-इन फोटोच्या कडा वाढवतात. चौकटीबाहेर काय असेल ते स्वतः तयार करतात. त्यानंच केली असेल सायकल."

"करेल की," गीता म्हणाली. "मी प्लग-इनला कमी लेखत नाही. सायकल करेल, झाड करेल, विजेचा खांबसुद्धा करेल. पण ते मनानं करेल. पट्टीखाली जे खरंच आहे तेच, तसंच, त्याच सीटवर तीच कोंबडी ते मनानं कसं करेल, शिवराज? खोटं चित्र कितीही छान काढता येतं. ते खऱ्याशी कोंबडीसकट जुळवता येत नाही. जुळलं, म्हणजे ते खऱ्यावरून आलं."

ती शिवराजसमोर जाऊन उभी राहिली.

"काचेवरून काढलेल्या फोटोत पट्टीखालचा भाग येणार नाही. तो दिसायला फोटो चौकटीबाहेर हवा. मंगळवार ते गुरुवार तो माझ्याकडं होता, आणि तू स्टुडिओत आला नाहीस. ग्रुपवर मी पाठवला तो फक्त डावा भाग. गुरुवारी ताईंनी शिक्का मारला, शनिवारी साडेसातला तो शाबूत होता. काका सिकंदराबादला होते. म्हणजे शनिवारी साडेसातनंतर ज्याच्या हातात उघडा फोटो होता, तो तूच. आणि तू तो फाडला नाहीस, कारण तू तो नीट सपाट ठेवून स्कॅन केलास. फोटो कुठं आहे?"

शिवराज हसायला गेला, पण हसू आलं नाही. "मामा, ही उगीच—"

"शिवराज." हिम्मतरावांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. "फोटो काढ."

लॅपटॉपच्या बॅगेतून प्लास्टिकचा पाकीटवजा फोल्डर निघाला. त्यात फोटो होता, डागासकट.

"मी चोरला नाही," शिवराज म्हणाला. मघाचा समजुतीचा सूर गेला होता. "परत ठेवणारच होतो. मला फक्त खात्री करायची होती. एकशेवीस फोटो केलेत मी. सगळे मला शाबास म्हणाले. यात एक बाई निघाली तर लोक विचारतील, बाकीच्यांत कोण कोण पुसलं गेलं? मला वाटलं, काचेवरून घेतला म्हणून चुकला असेल. चांगल्या स्कॅनवर चालवून पाहू. चालवला, आणि परत भिंतच आली! दोनदा एकच उत्तर. मग बरोबर मीच ना?"

"एकाच माणसाला दोनदा विचारलंस," गीता म्हणाली. "तू स्वतः फोटो पाहिलास?"

"स्कॅन केला म्हटलं ना."

"पाहिलास का? पाहिला असतास तर कोंबडी दिसली असती."

शिवराज पडद्याकडं पाहत राहिला. आज पहिल्यांदाच पाहत असावा.

गीतानं पडदे बाजूला सारले. साडेचारचं कडक ऊन टेबलावर आलं. पिशवीतून तिनं लाल जिलेटीन कागद काढला, मुलं शाळेत कंदिलाला लावतात तो, आणि दुहेरी करून फोटोच्या डाव्या टोकावर धरला.

"यात बटण नाही, लेयर नाही, माझा कॉम्प्युटर नाही. लाल कागदातून पाहिलं की तपकिरी डाग फिका पडतो. एकेकानं या."

एकेक जण आला, वाकला आणि बाजूला झाला. तातेराव दोनदा आले. सगळ्यांत शेवटी हिम्मतराव आले आणि सगळ्यांत जास्त वेळ वाकून राहिले.

"हनुवटी पुस्तकांवर टेकवलीय," ते हळू म्हणाले. मग आजीकडं न पाहता, "दमला होतात काय?"

"तीनशे पुस्तकं व्हती," आजी म्हणाली.

मग गीतानं आपलं म्हणणं मांडलं, आणि विनंतीच्या सुरात मांडलं नाही. मुखपृष्ठ नव्यानं छापायचं, वर कागद चिकटवून भागवायचं नाही. एकशेवीस फोटो एकेक करून मूळ प्रतींशी ताडायचे. धूळ आणि ओरखडे ती प्लग-इननंच काढणार, कारण चार तासांचं काम दहा मिनिटांत होतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण धूळ कोणती आणि माणूस कोण, हे दर वेळी माणूसच ठरवणार, मूळ फोटो हातात घेऊन. आणि ताडायचं काम शिवराजनं तिच्या शेजारी बसून करायचं.

"मी?" शिवराज म्हणाला.

"डोळे हायत ना तुला?" तातेराव म्हणाले.

हिम्मतरावांनी मान हलवली आणि मुखपृष्ठाचा मजकूर पुढं ओढला. फोटोखालच्या ओळीपाशी त्यांचं पेन थांबलं. "मध्यभागी एकनाथराव... आणि शेवटी घालतो, 'यांच्यासह मनकर्णाबाई'."

"साहेब," आजी म्हणाली, "फोटूखाली नावं डावीकडून लिवायची पद्धत हाय ना?"

"आहे. पण मग तुमचं नाव पहिलं येतं. संस्थापकांच्या आधी." ते घुटमळले. "उजवीकडून लिहिलं तर?"

"मग पहिली कोंबडी," तातेराव म्हणाले.

खोलीत हशा पिकला. हिम्मतराव हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. त्यांनी वडिलांचं नाव खोडलं, 'डावीकडून' असं लिहिलं आणि पेन तसंच धरून विचारलं, "नावाच्या आधी काय लावू?"

"तुमच्या वडलांच्या आधी काय हाय?"

"कै."

"शेजारचे?"

"कै. ते सगळेच. ओळीतले सातही."

"मग माझं नुसतं नाव लिवा," मनकर्णाआजी म्हणाली आणि खुर्चीवरून उठली. "कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसते. ज्याला खोटं वाटंल त्यानं तिथं येऊन इचारावं."